शत्रूची बाजू कोण घेणार?

मंडळी, दिवाळीचा किल्ला हा बघायचा नसतो, खेळायचा असतो, असं माझं फार जुनं आणि ठाम मत आहे. घरात हे मत सगळ्यांना पाठ झालंय, म्हणून आता इथे लिहितो. :)

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आनंद झाला. त्यानंतरच्या दिवाळीत आमच्या कॉलनीत किल्ल्यांना नुसता ऊत आला होता. काही मुलांनी खरोखर मेहनत केली होती. काहींच्या वडिलांनी मेहनत केली होती. काहींनी प्लास्टरचा तयार किल्ला बाजारातून आणून ठेवला होता. सगळे सुंदर होते. दिवे होते, कारंजी होती, एका ठिकाणी बटण दाबलं की पोवाडा लागत होता. आणि प्रत्येक किल्ल्यापुढे एक पाटी: 'कृपया हात लावू नये.'

ही पाटी मला खटकते. आमच्या लहानपणी किल्ला म्हणजे हात लावण्याचीच वस्तू होती.

नगरच्या जुन्या भागातला आमचा वाडा. सहामाही परीक्षा संपली की त्याच दिवशी दगड, विटांचे तुकडे, गोणपाट आणि काळी माती गोळा करायची. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरायचं, त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची. चार दिवसांत डोंगर हिरवा. कुंभारवाड्यातून मातीची चित्रं आणायची. महाराज, मावळे, तोफा, एक वाघ, एक डोक्यावर पाटी घेतलेली बाई. आकारात काही मेळ नसायचा. मावळा किल्ल्याच्या दरवाज्यापेक्षा उंच आणि वाघ हत्तीएवढा. इथवर तुमच्याही आठवणी अशाच असतील.

पण आमच्या वाड्यात पुढे एक गोष्ट व्हायची. आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा एक मुलगा होता, त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. त्याने किल्ल्याचा खेळ बसवला होता, चक्क नियमांसकट. ते नियम मला आजही पाठ आहेत.

पायदळाने एका पाळीत एक वीत जायचं, घोडेस्वाराने दोन, तोफेने चार बोटं. वीत कुणाची यावर पहिल्याच दिवशी मारामारी झाली, म्हणून दादाने एक कामटी मापून कापली आणि तीच सरकारी वीत ठरली. चकमकीला पाच कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितकी माणसं समोरची मेली. तटाच्या आड असेल त्याचा एक माणूस वाचला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिंचोके. चिंचोके म्हणजे रसद. दर पाच माणसांमागे दर पाळीला एक चिंचोका खाली ठेवायचा. चिंचोके संपले की ती पाच माणसं जागची हलायची नाहीत. हे वेढा घालणाऱ्यालाही लागू आणि गडावरच्यालाही.

गंमत बघा, या एका चिंचोक्याच्या नियमाने आम्हाला जो इतिहास शिकवला तो पुस्तकाने शिकवला नाही. पहिल्या वर्षी आम्ही सगळे तोफा आणि घोडे मागायचो. दुसऱ्या वर्षी सगळे चिंचोके मागायला लागलो!

पुढे शिक्षक झाल्यावर थोडं वाचन झालं, तेव्हा कळलं की जगात इतरांनाही हाच नाद होता. प्रशियात रायस्विट्झ नावाच्या बापलेकांनी असा खेळ केला. बापाने १८१२ मध्ये राजासाठी डोंगर-नद्या मांडता येतील असं टेबल बनवलं. मुलगा सैन्यात अधिकारी. त्याने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच असलेले नियम छापले. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या हालचाली पूर्ण दिसत नसत, पंचाला तेवढं सगळं दिसे. लष्कराने तो शिक्षणासाठीच उचलला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. त्यात खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगच्या छोट्या तोफा घेऊन जमिनीवर लढायचे नियम आहेत. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' नावाचा पुठ्ठ्याच्या पटाचा खेळ विकायला काढला आणि मग षटकोनी घरांच्या नकाशांवर अशा खेळांची रांगच लागली. माझा अमेरिकेतला भाचा (हे तो वाचणार आहेच!) असे जुने डबे जमवतो. त्याच्या घरी मी एकदा गेटिसबर्गची लढाई मांडलेली बघितली. तास-दीड तास बघत बसलो. शेवटी भाच्याला विचारलं, "यात चिंचोके कुठे आहेत?"

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. बुद्धिबळ तर आपलंच. माझे आजोबा कापडी पटावर जुन्या देशी पद्धतीने खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जायचं. राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्याची उडी मारता यायची. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं घर तेच मोहरं मिळायचं, हवा तेव्हा वजीर नाही. डाव हळू चालायचा. पंजाबातले मीर सुलतान खान हे असंच देशी बुद्धिबळ खेळत वाढले, मग विलायती नियम शिकले आणि १९२९ मध्ये ब्रिटनचे विजेते झाले, पुढे आणखी दोनदा झाले. मला आजही यात नवल वाटतं.

आणि वाघ-बकरी! देवळांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर दगडात कोरलेले पट तुम्ही पाहिले असतील. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या वाघाला कोंडतात. दोन्हीकडचं बळ वेगळं आणि दोन्हीकडची रीतही वेगळी. बलाढ्य सैन्य आणि चिवट थोडे लोक यांचं गणित याहून सोप्या भाषेत कुणी मांडलेलं मला माहीत नाही.

असो. मी मूळ मुद्द्याकडे येतो.

किल्ल्याच्या खेळातला सगळ्यात मोठा प्रश्न तोफांचा नव्हता, चिंचोक्यांचाही नव्हता. शत्रू कोण होणार, हा होता. मावळे व्हायला सगळे तयार. मोगल व्हायला कुणीच नाही. मग काय व्हायचं ते सांगतो. आमच्या गल्लीत एक मुसलमान मुलगा होता, माझ्याच वर्गातला, माझ्याच बाकावरचा. पहिल्या वर्षी कुणीतरी सहज म्हणालं, "तू हो मोगल." तो झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

दादाने चौकशी केली. आम्ही गप्प. मग दादाने कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि वाटीत टाकल्या. म्हणाला, "आजपासून बाजू चिठ्ठीने ठरेल. आणि एक डाव झाला की बाजू बदलायची. ज्याला पटत नाही त्याने घरी जाऊन भुईचक्र लावावं." आणि स्वतः जाऊन त्या मुलाला घेऊन आला. त्या संध्याकाळी त्याला महाराजांची बाजू आली आणि मला मोगलांची. त्याने मला असं हरवलं की काही विचारू नका. माझी रसद पिछाडीला उघडी पडली होती आणि ती फक्त त्यालाच दिसली, कारण दोन दिवस तो त्याच जागी बसून हरला होता.

आज वाटतं, दादाला इतिहास आमच्या पुस्तकापेक्षा जास्त कळत होता. कारण आमच्या या नगरच्या मातीत बाजू कधी इतक्या सोप्या नव्हत्याच. १५९५ च्या डिसेंबरात मोगलांनी नगरच्या भुईकोटाला वेढा घातला तेव्हा किल्ला लढवला चांदबिबीने. सुरुंगाने तट पडला तो तिने रातोरात उभा केला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड देऊन तह केला. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदम हरवलं. तलावाचं पाणी सोडून शत्रूची वाट चिखलाची केली, म्हणजे पुन्हा रसदीचाच खेळ. त्या लढाईत हबशी मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. खर्ड्याचे निंबाळकर मराठे, पण निजामाच्या पदरी. आता मला सांगा, यात धर्म बघून बाजू कशी वाटणार?

खर्ड्याचं नाव निघालंच आहे तर शाळेतली गोष्ट सांगतो. खर्डा आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. ११ मार्च १७९५ ला तिथे मराठ्यांची आणि निजामअलीची लढाई झाली. पुस्तकात दोन ओळी: मराठे जिंकले, निजामाचा पराभव झाला. मुलं पाठ करून टाकत. मी बाकं मागे सरकवून फरशीवर खडूने नकाशा काढायचो. अर्धा वर्ग मराठे, अर्धा वर्ग निजाम, अर्थात चिठ्ठ्या टाकून. एकदा एका मुलाचे वडील शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, माझ्या मुलाला निजाम का केलं? घरी रडतोय." मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "उद्या तो मराठा होणार आहे. तेव्हा निजाम काय करेल हे वर्गात फक्त त्याला माहीत असेल."

त्यांना किती पटलं देव जाणे. पण त्यांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी जो प्रश्न विचारला तो मी विसरलेलो नाही. "सर, निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरलाच कशाला? एवढ्या लोकांना आत पाणी पुरणार होतं का?" हा मुलगा आदल्या दिवशी त्या खडूच्या किल्ल्यात स्वतः अडकला होता, म्हणून त्याला हा प्रश्न पडला. इतिहासातही तेच झालं. निजाम किल्ल्यात कोंडला गेला, आणि मुलूख, मोठी खंडणी आणि आपला दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली करून सुटला.

पुढचा तास मी मुद्दाम त्याच आठवड्यात घ्यायचो. खर्ड्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. घरात भांडणं लागली. आणि आठच वर्षांनी, १८०३ च्या ऑगस्टमध्ये, वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातलं नगर घेतलं. ८ तारखेला पेठ, १२ तारखेला किल्ला. चांदबिबीने महिनोन्‌महिने लढवलेला किल्ला चार-पाच दिवसांत गेला. असं का झालं? हा प्रश्न विचारायला वेलस्लीच्या जागी बसून बघावं लागतं. नुसता विजयाचा पोवाडा ऐकून तो सुचत नाही.

आता काही वाचक म्हणतील, मुलांना लढाई खेळायला शिकवणं चांगलं का? हा प्रश्न मला आमच्या शाळेतल्या एका बाईंनीही विचारला होता आणि तो टाळण्यासारखा नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, ते दादाने देऊन ठेवलं होतं.

दादा पुढे सैन्यात भरती झाला. नगरला ते नवल नाही. रणगाड्यांचं शिक्षण देणारं केंद्र इथेच, के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आवाज ऐकू यायचे. १९६५ च्या लढाईत दादा पंजाबच्या आघाडीवर होता. पुढच्या वर्षी दिवाळीला रजेवर आला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा, किल्ल्याचा कारभारी झालो होतो. आम्ही मोठ्या उत्साहाने त्याला वेढा दाखवला. तो खाटेवर बसून बघत होता. म्हणाला, आमच्याकडेही साहेब लोक वाळूचा किल्ला करतात, त्याला सँड मॉडेल म्हणतात, आणि तिथेसुद्धा कुणाला तरी शत्रू व्हावंच लागतं. आम्ही खूष झालो. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. एका चकमकीत कवड्या पडल्या, चार मावळे मेले, मी ते उचलून डब्यात टाकले. तेव्हा त्याने विचारलं, "आणि जखमी?"

जखमींचा नियमच आमच्याकडे नव्हता. माणूस उभा, नाहीतर डब्यात.

दादा म्हणाला, "लिही. मेलेल्या प्रत्येकामागे दोन जखमी. एका जखमीला दोन माणसं उचलणार, तीन पाळ्या मागे नेणार. ती दोन माणसं तेवढा वेळ लढणार नाहीत. आणि जखमीलाही चिंचोका लागतो." एवढंच बोलला. कवड्यांना त्याने हात लावला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.

आम्ही नवा नियम घेऊन खेळायला बसलो. मंडळी, त्या संध्याकाळी कुणी हल्लाच करेना! एक चकमक झाली की अर्धं सैन्य जखमी वाहण्यात गुंतायचं. माझ्या धाकट्या भावाने, वय वर्षं नऊ, शेवटी कंटाळून विचारलं, "तह करायचा नियम आहे का?" नव्हता. तो आम्ही त्या दिवशी केला.

म्हणून मला लढाईच्या खेळाची भीती वाटत नाही. वेल्स यांनीही आपल्या पुस्तकाच्या शेवटी असंच काहीसं लिहिलंय. हा छोटा खेळ चार वेळा खेळून बघितला की खरी मोठी लढाई हा केवढा गोंधळाचा आणि माणसाला न पेलणारा प्रकार आहे हे कळतं, असा त्यांचा भाव आहे. पुस्तक निघालं १९१३ ला, आणि दुसऱ्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. ज्यांनी पेटवलं त्यांनीही नकाशावरचे खेळ पुष्कळ खेळले होते, हेही मी लपवत नाही. खेळ आपोआप शहाणपण देत नाही. खेळात जखमी मोजले जातात का, आणि बाजू बदलली जाते का, यावर ते अवलंबून असतं.

नातू म्हणतो, "आबा, मोबाईलवर याच्यापेक्षा भारी गेम आहेत." असतील. मी बघितलेत, चित्रं अप्रतिम असतात. त्याला मी एवढंच विचारतो की समोर कोण असतं? कधी यंत्र, कधी कुठला तरी टोपणनावाचा माणूस. आमच्या खेळात समोर बसलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावर असायचा. त्याला फसवून जिंकलं तर डबा खाताना त्याच्याकडे बघावं लागायचं. हरलो तर तोच फराळाला बोलवायचा. शत्रूला तोंड होतं, आणि त्या तोंडात आपल्याच घरची चकली होती.

आज आजूबाजूला बघतो तर शत्रू ठरवायला कुणाला वेळ लागत नाही. इतिहासावरून तर फारच लवकर ठरतो. आमच्या शहराचं नाव बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, त्यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे मी ऐकले. त्यातल्या कितींनी भातवडीचं रान पाहिलंय कोण जाणे. मला नावाचा वाद घालायचा नाही. मला काळजी वाटते ती त्या मुलाची, ज्याला सहज म्हटलं जातं "तू हो मोगल," आणि ज्याच्यासाठी चिठ्ठ्या करणारा दादा गल्लीत नसतो. तिसऱ्या दिवशी तो येत नाही, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या दिवाळीत सोसायट्यांनी आणि मंडळांनी किल्ल्याची स्पर्धा जरूर ठेवावी. सजावटीला बक्षीस द्यावं, इतिहासाच्या माहितीला द्यावं. पण एक बक्षीस खेळलेल्या किल्ल्यालाही ठेवावं. तट पडलेला असला, अळीव तुडवलेलं असलं, मावळ्याचा हात मोडलेला असला तरी चालेल. नियम तुमचे तुम्ही करा, फार लागत नाहीत. एक कामटी, पाच कवड्या, मूठभर चिंचोके. मेलेल्यांबरोबर जखमीही मोजा. तह करण्याची सोय ठेवा. एक डाव झाला की बाजू बदला.

आणि बाजू ठरवताना कुणाचं नाव, आडनाव बघू नका. चिठ्ठ्या टाका.

तुमच्या गावाकडे किल्ल्याचा खेळ कसा खेळायचे, कुणाकडे निराळे नियम असतील तर जरूर कळवा. भातवडीच्या तलावाचा नियम अजून मला नीट जमलेला नाही. पाणी कुणी आणि केव्हा सोडायचं यावर नातवाचं आणि माझं भांडण चालू आहे.